फुंकरीने पिवळे झालेले पाणी

सभागृहाच्या दारापर्यंत चाकांच्या खुर्च्या लागल्या होत्या. मंचावर पानबाबांनी काचेचा पेला उंच धरला. आत गुलाबी पाणी.

"हे हाडात मुरलेलं विष! आणि हा माझ्या पानांचा अर्क. एक थेंब... दोन थेंब... बघा!"

गुलाबी विरले, पेल्यात पिवळे ऊन साचल्यासारखे झाले. शेकडो हात जोडले गेले.

"ताई, चल इथून," मी थोरल्या बहिणीला म्हणाले.

"का? तूच तर शोधलंस हे. बघ, भिंतीवर तुझाच फोटो!"

होताच. बाबांच्या आसनामागे, चौकटीत वर्तमानपत्राचे कात्रण: 'पानांतील द्रव्याने हाडांच्या कर्करोगाच्या पेशी मरतात.' खाली पांढऱ्या कोटात हसणारी मी. बातमीदाराने 'काचेच्या बशीत' हे दोन शब्द गाळले होते. मी दुरुस्तीचे पत्र पाठवले नाही. कात्रण मात्र पाकिटात जपले. त्याच बातमीच्या भरवशावर ताईने लेकीच्या केमोच्या दोन फेऱ्या चुकवल्या होत्या. भाची अकरा वर्षांची. गाठ गुडघ्याच्या वर.

आणि ते पाणीही माझ्या ओळखीचे होते. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या द्रवात आम्ही हाच रंग मिसळतो. आंबट काही पडले की तो पिवळा होतो. एकच वाक्य बोलायचे होते. पण चौकटीतल्या हसऱ्या बाईने माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

"ये बाळ," बाबांनी भाचीला मंचावर बोलावून नवा गुलाबी पेला पुढे केला, "हा तुझा आजार. आता थेंब टाकतो हं."

कडू अर्क जिभेला लागू नये म्हणून तिच्या हाती कायम एक नळी असे. तिने ती पेल्यात बुडवली आणि फुंकू लागली. बुडबुडे उठले. बाबांनी अर्काच्या बाटलीचे बूच उघडेपर्यंत पाणी पिवळे झाले.

"अगं, हे काय करतेस?" बाबांनी विचारले.

"फुंकतेय. मावशीच्या लॅबमध्ये मी केलंय हे. श्वासातल्या वायूनं पाणी आंबट होतं. हो ना गं मावशी?"

"पाहिलंत? लेकराच्या श्वासातही माझीच शक्ती उतरली!" बाबा लोकांकडे वळले.

"मग पानं कशाला ओरबाडता, बाबा?" मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले. "आम्ही घरीच फुंकतो की!"

हशा उसळला. ताई मात्र हसली नाही. तिने माझे मनगट धरले.

"आणि तुझ्या पेशी? त्याही खोट्याच?"

"खऱ्या," मी उभी राहिले. सर्वांना ऐकू जावे म्हणून मोठ्याने बोलले. "त्या द्रव्याने पेशींनी स्वतःच्या मरणाची कळ स्वतःच दाबली, आकसल्या, तुकडे तुकडे झाल्या. पण बशीत. बशीला पोट नसतं, यकृत नसतं. गिळलेला अर्क हाडापर्यंत पुरेसा पोचतो का, हे मला ठाऊक नाही. बशीत तर फिनाईलनंही पेशी मरतात. कुणी औषध दिलं तर विचारा: किती माणसांवर तपासलं? ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं? हे मला विचारलं असतंत, तर मी निरुत्तर झाले असते."

"तेव्हाच का नाही बोललीस?" ताईने विचारले.

मी मंचावर जाऊन चौकट उतरवली.

इस्पितळाच्या वाटेवर भाची माझ्या खांद्याला टेकली. "मावशी, दोन फेऱ्या चुकल्या. आता मी बरी होईन ना?"

"माहीत नाही, बाळा," मी म्हणाले.

हेच मी बातमीदाराला सांगायला हवे होते.