स्वखुशीचा जबाब

आगाशे सरांनी कागद उजेडाकडे धरला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. पौडच्या एस.टी. स्टँडवर सगुणाबाई त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती.

पुण्यात ते कायदा शिकवत. पत्त्यांतल्या ब्रिजच्या टेबलावर त्यांच्याशी टक्कर देणारे देशात मोजकेच होते. गेल्याच महिन्यात, एकसष्टच्या मार्चात, कलकत्त्याच्या स्पर्धेतली ढाल त्यांनी जिंकून आणली होती. जोडीदार पौडचे जमीनदार हैबतराव. रविवारी त्यांच्याच घरी सराव चाले. आजही सर तिकडेच निघाले होते, पण हैबतरावांच्या या कुळानं त्यांना गाडीतून उतरतानाच गाठलं.

“दर साली भात आमीच लावतुया,” ती म्हणाली. “सासऱ्यापासनं. आता मालक म्हंत्यात, औंदा बांधावर पाय ठेवू नगंस. तुमी कायद्याचं मास्तर. बगा की.”

“हा अंगठा तुमचाच?”

“व्हय. तीन सालं झाली. कचेरीत न्हेलं हुतं. म्हनलं, जमीन तुज्या नावावर करायची हाय, अंगठा दे.”

सर पुढे वाचत गेले. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता, परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून, कूळकायद्याने मला मिळू शकणारी सदर जमीन विकत घेण्यास मी स्वखुशीने नकार देत आहे.’

त्यांचं बोट तिथंच थांबलं. हे वाक्य त्यांचं होतं. पत्ते पिसता पिसता हैबतरावांनी एकदा विचारलं होतं, कुळाला जमीन नकोच असेल तर जबाब कसा असावा? हातातल्या पानांवरून नजर न काढता सरांनी तो सांगितला होता. कोर्टात टिकेल असा. कोणाचं कूळ, एवढंही विचारलं नव्हतं.

अपिलाची मुदत केव्हाच उलटली होती. दुसरी एखादी वाट ते शोधू लागले. प्रत्येक वाट त्या वाक्यानं आधीच बंद केली होती.

“काय लिवलंय?”

“तुम्हाला जमीन नको, असं.”



“कुनी लिवलं ह्ये?”



“मी,” ते म्हणाले. “शब्द माझे आहेत.”

आता ती काय बोलेल ते ऐकायला त्यांनी मान खाली घातली. पण सगुणाबाईचा चेहरा उजळला. पदर सावरत ती पुढे सरकली आणि तिनं त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं.

“मंग बरं झालं. तुमीच लिवलंय, तर तुमीच खोडा की.”