टोपडं घातलेला कोबी

दुकानासमोर मांडलेल्या पिवळ्या घसरगुंडीकडे गोवर्धनने धड पाहिलंही नाही. तो सरळ मागच्या बाजूला गेला आणि त्याने तिथली ताडपत्री उचलून पाहिली.

वलगावला त्याची कोबी-दुधीची वाडी होती. तीस वर्षं तो अमरावतीच्या बाजारात माल नेत होता आणि टोपली कशी भरतात ते त्याला ठाऊक होतं. टवटवीत माल वर, मार बसलेला खाली आणि सगळ्यात चांगला ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी पोत्याखाली. तो स्वतः तसंच करायचा. जगातले बाकीचे व्यापारी वेगळं करत असतील, असं मानायला त्याच्याकडे काही आधार नव्हता.

ताडपत्रीखाली निळी घसरगुंडी होती. जाड पाइप, रुंद पायऱ्या.

"हे काढा," तो म्हणाला.

"ते बिकाऊ नाही भाऊ," रऊफ म्हणाला. अकोल्याच्या जुन्या शहरात रऊफचं लोखंडी झुले आणि घसरगुंड्या बनवायचं दुकान होतं. शाळांना तोच माल देतो, असं बाजारात कोणीतरी सांगितलं म्हणून गोवर्धन आणि माणिकबाई इतक्या लांब आले होते.

"काहून बिकाऊ नाही?"

"खराब हाये."

गोवर्धन बायकोकडे वळला. "ऐकलं? स्वतःच्या मालाले खराब म्हनते. तीस वर्षांत असा व्यापारी नाही पायला मी."

"मी पायला," माणिकबाई म्हणाली. "तुमी नाही का बाजारात त्या मावशीले म्हनलं, दुधी कडू हाये, अन् तोच दुधी घरी आनला?"

रऊफ हसला. गोवर्धन हसला नाही. या खेपेला चूक परवडणार नव्हती. नात गीतांजली दोन वर्षांची. मुलगा सागर आणि सून हर्षा दोघंही अमरावतीत नोकरीला, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार गीतू वलगावला आजी-आजोबांकडे असायची. दिवाळीनंतर गोवर्धनने एका प्रदर्शनातून प्लास्टिकची घसरगुंडी आणली. पंधराव्या दिवशी पायरी मोडली आणि गीतूच्या ओठाला दोन टाके पडले. हर्षा ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आता पाळणाघर." सागरने मध्यस्थी केली तेव्हा तिने एक संधी दिली. नवीन आणा, रविवारी मी येऊन तपासते. पटलं नाही, तर सोमवारपासून गीतू पाळणाघरात.

"खराब हाये तर ठेवलं काहून?" गोवर्धनने विचारलं.

रऊफने ताडपत्री पूर्ण काढली. कठड्याचा एक गज करवतीने कापलेला होता. "माझी नात, तुबा. पाय अंदर गेले, धड गेलं, डोकं अटकलं. गज कापून काढलं तिले. नवा वेल्डर आला का पयले हे दाखवतो त्याले, मंग काम देतो."

गोवर्धनने कापलेल्या गजावरून बोट फिरवलं. गोष्ट खरी वाटत होती, पण खरी वाटणारी गोष्ट सांगायला तोही कमी नव्हता. "अन् ते पिवळं? त्यात नाही अटकत कशावरून?"

"मी सांगून राहिलो ना!"

"तुमीच सांगून राहिले, हेच तर."

माणिकबाईने पिशवीतून गीतूचं लोकरीचं टोपडं काढलं. सकाळच्या थंडीत गीतूला घालायचं ते घाईत पिशवीतच राहिलं होतं. "वाद कायले घालता? गल्लीत भाजीची गाडी हाये. याच्या मापाचा कोबी आना. अन् एक दुधी. कडेवर घेतली का गीतू हातात भरते, तेवढा."

गोवर्धनने आयुष्यात पहिल्यांदा कोबी विकत घेतला. गाडीवाल्याने वरचा दिला, त्याने खालचा उपसून काढला. टोपडं त्या कोबीला नेमकं बसलं.

तपासणीचा नियम त्यानेच ठरवला. दुधी म्हणजे गीतूचं धड, कोबी म्हणजे डोकं. जिथे दुधी शिरेल, तिथून कोबीही पार गेला पाहिजे. दुधी गेला आणि कोबी अडला, तर माल नापास. रऊफ कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. पिवळीच्या कठड्यात दुधी शिरला नाही. पायऱ्यांमध्येही नाही. रऊफच्या चेहऱ्यावर "बोललो होतो" असं उमटू लागलं होतं, तेवढ्यात गोवर्धन वाकून शिडीच्या मागे गेला. सगळ्यात वरची पायरी आणि वरचा चौथरा यांच्यामध्ये फट होती. दुधी सरळ आत गेला. मागून लावलेला कोबी टोपड्यासकट अडकला.

रऊफने कोबी ओढला, तो निघेना. टोपडं तेवढं त्याच्या हातात आलं.

"असे चार मी शाळायले दिले," तो शेवटी म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, मग परत ठेवला आणि आधी वेल्डिंगचं मशीन चालू केलं. कोबी कापून काढला आणि फटीवर पट्टी बसली, तेव्हा गोवर्धनने पुन्हा सगळीकडे दुधी फिरवला. रऊफने त्याच्यामागून आणखी एकदा फिरवला. गोवर्धनची घसरगुंडी छोट्या हत्ती टेम्पोत चढली, तेव्हा रऊफ पहिल्या शाळेशी बोलत होता.

रविवारी हर्षा आली. गीतूच्या कपड्यांची पिशवी तिने गाडीतच ठेवली. अंगणात पिवळी घसरगुंडी पक्की गाडलेली होती आणि पायरीवर कोबी-दुधी तयार होते. गोवर्धनने नियम समजावून सांगितला आणि प्रत्येक फट दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दुधी तुम्हीच निवडला ना बाबा?"

"मीच."

"म्हणजे जाडच असेल."

"हर्षा!" माणिकबाई म्हणाली.

"बोलू दे तिले," गोवर्धन म्हणाला.

ओसरीवर उद्याच्या बाजाराची टोपली भरून ठेवली होती. हर्षाने वरचे दुधी बाजूला केले, हात तळापर्यंत घातला आणि सगळ्यात बारीक, मार बसलेला दुधी ओढून काढला. तो घेऊन ती घसरगुंडीभोवती फिरली. कठडा, पायऱ्या, मग वाकून शिडीच्या मागे. गोवर्धनही तिच्याबरोबर वाकून पाहत होता. दुधी कुठेच शिरला नाही.

तिने तो टोपलीत परत टाकला, वरच टाकला, आणि पिशवी आणायला गाडीकडे गेली.