आबांची साखर

“आता हे मी सांगितलं, तर तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. म्हणून तीस वर्षं पोटात ठेवलं होतं,” झुंबर आबा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून नीट मांडी घालून बसले.

“पोटात ठेवलं म्हणे,” धोंडाबाई त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. “मागल्या महिन्यात सांगितलं तवा तो माणूस मनमाडचा होता.”

“तो वेगळा. हा आमच्या अंबडच्या कंपनीतला दत्तू फिटर. चांगला शंभर किलोचा गडी. डॉक्टर म्हणाला, वजन कमी कर. ह्यानं काय केलं, जेवणच सोडलं. सकाळी लिंबूपाणी, संध्याकाळी लिंबूपाणी. दीड महिन्यात इतका हलका झाला, की शॉपमधला मोठा पंखा लावला की ह्याचे पाय जमिनीला टेकेनात. शेवटी सुपरवायझरनं नियम काढला, दत्तूनं दोन्ही खिशांत दोन-दोन किलोचे नट घालूनच मशीनवर यायचं. आणि एके दिवशी नेमका तो नट घरी विसरला.”

“मंग?” धोंडाबाईंच्या तोंडून निघालंच. छप्पन्न वर्षं संसार झाला होता, तरी हे ‘मंग’ त्यांना आवरत नसे.

“मग काय, क्रेनवाल्यानं वरून उतरवला. पत्र्याला चिकटला होता.”

धोंडाबाई पदरात तोंड घालून हसल्या. पण गोष्ट त्यांच्यासाठी नव्हती. ती होती ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेसाठी, आणि स्नेहा हसली नाही. ती ग्लासात लिंबू पिळत होती.

“ताट घे की, पोरी,” आबा म्हणाले.

“माझं अष्टशील आहे, आबा.”

झालं. यापुढे बोलायची सोय नव्हती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत त्यांच्या जेल रोडच्या कॉलनीतल्या बाया पौर्णिमेला, अष्टमीला उपोसथ धरत, दुपारी बारानंतर जेवत नसत. स्नेहानं यंदा रोजचाच धरला होता. धोंडाबाईंनी ही बातमी विहारात इतक्या जणींना सांगितली होती, की आता सुनेनं मध्येच जेवायला घेतलं असतं, तर धोंडाबाईंनाच तोंड लपवावं लागलं असतं.

आबांना मात्र संशय होता, आणि तो आला होता डब्यातून. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरातली भांडी घासायचं काम त्यांच्याकडे होतं. हे ते बाहेर सांगत नसत. बाहेर सांगायला त्यांच्याकडे दोन गडी कामाला होते. पण स्नेहाचा डबा रोज कसा परत येतो, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. कडेला हळदीच्या तेलाची रेघ, तळाला शेंगदाण्याचं कूट, कधी मिरचीचं देठ. गेले पंधरा दिवस डबा धुऊन येत होता. उपोसथवाल्या बाईनं बाराच्या आत पोटभर जेवायचं असतं, हे विहारात भंतेजींनीच सांगितलेलं. ही बाराच्या आतही जेवत नव्हती आणि बारानंतरही.

विचारायचं कसं, हा घोर होता. सासरा-सुनेत बोलायचे शब्द ठरलेले. “आबा, चहा.” “आबा, गोळी घेतली का.” “पोरी, दार लावून घे.” एवढ्यात बावीस वर्षं सुखानं गेली होती. सुनेच्या अंगाबद्दल, जेवणाबद्दल सासऱ्यानं तोंड उघडावं, अशी त्या घरात जागाच नव्हती. मुलगा राकेश ट्रेलरवर. महिन्यातले वीस दिवस तो कुठल्या राज्यात आहे तेही कळत नसे. नात चैताली पुण्याला शिकायला. आणि धोंडाबाईंना सांगावं, तर त्या म्हणाल्या असत्या, सुनेचे घास मोजता का.

मग एका गुरुवारी स्नेहा कंपनीच्या बसमधून चौकात उतरली आणि तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली. तिच्या लायनीवरची तृप्ती स्कूटरवरून मागून येत होती, म्हणून बरं. तिनं तिला घरी आणून पलंगावर निजवलं आणि निघताना गेटपाशी आबांना गाठलं.

“आबा, मी सांगितलं म्हणून सांगू नका. कंपनीत तपासणी झाली, तेव्हा ताईची साखर काठावर निघाली. तेव्हापासून मोबाइलवर बघून कसलंतरी डाएट चाललंय. डबा गेटवरच्या कुत्र्याला. ते कुत्रं आता माणसांना ओळख देत नाही, इतकं माजलंय.”

आबांना हसू आलं नाही. स्नेहाची आई, सिन्नरची आक्काबाई, त्यांच्या डोळ्यांसमोर आली. साखरेनं तिचा डावा पाय घोट्यापासून गेला होता. शेवटची दोन वर्षं तिनं पोरीची वाट बघत खाटेवर बसून काढली. स्नेहा दर रविवारी जायची आणि आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. आता त्याच भीतीनं ती लिंबूपाणी पीत होती. दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून स्विचचे सुटे भाग तपासायचे, तेही रिकाम्या पोटी. आणि ही आडवी झाली, तर त्या दोन खोल्यांत उभं राहणारं कोणी उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा वॉर्डातल्या दवाखान्यात गेले. मनीषा सिस्टरनं आधी त्यांचंच बोट टोचलं. चौऱ्याण्णव.

“तुम्हाला काही होत नाही, आबा. तुम्ही थापांवर जगता,” सिस्टर म्हणाली.

आबांनी सुनेचं सांगितलं. सिस्टरनं पेन खाली ठेवलं.

“उपाशी राहून काय होतं, माहीत आहे का? आठ दिवस माणूस नेटानं राहतो, नवव्या दिवशी भूक दुप्पट होऊन येते. मग खातो, मग रडतो, मग परत उपाशी. तसलं काही नको. एक-दीड भाकरी, भाजी जास्त, वरण, काकडी. वेळ ठरलेली. आणि रोज अर्धा-पाऊण तास चालायचं. जे जन्मभर करता येईल तेवढंच करायचं, बाकी सगळं सोडून द्यायचं.”

“हे तिला सांगणार कोण?”

“घरातलं कोणीतरी. आणि तिला इकडं पाठवा एकदा.”

घरातलं कोणीतरी म्हणजे आबाच. आबा वाटेत गिरणीपाशी थांबले, पिठाच्या वासात जरा उभे राहिले आणि घरी पोचेपर्यंत त्यांना मोठी साखर झाली होती.

“दोनशे ऐंशी,” त्यांनी संध्याकाळी जाहीर केलं. “डॉक्टर खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, आजोबा, तुम्ही चालत आलात कसे.”

धोंडाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. या माणसानं त्यांना लग्नाआधी सांगितलं होतं, की गावाकडं विहिरीला सोन्याची कडी आहे. पण स्नेहा पलंगावरून उठून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“कागद कुठाय?” तिनं विचारलं.

“कागद त्यांनी ठेवून घेतला. मोठ्या डॉक्टरला दाखवायला.” आबा पुढं म्हणाले, “दोन गोष्टी सांगितल्या. रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन यायचं, पण एकट्यानं नाही. कुठं पडलो तर? आणि दुसरं, आल्यावर घरातल्या एकानं माझ्यासोबत बसून, मी खाईन तेच आणि तेवढंच खायचं. एकट्यानं जेवलं, की माणूस चोरून खातो म्हणे.”

“आई जेवतील ना तुमच्याबरोबर,” स्नेहा म्हणाली.

“तिच्या दातांना नागलीची भाकरी चाववत नाही. डॉक्टरनं नागलीच सांगितली आहे.”

धोंडाबाईंचे दात शाबूत होते. त्यांनी तोंड उघडलं, आबांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते मिटून घेतलं. मग जरा वेळानं भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, “घरात आजारी माणूस असल्यावर उपोसथ अष्टमी-पौर्णिमेला धरला तरी चालतोय. भंतेजीच म्हनले.”

भंतेजी तसं कधी म्हणाले होते, हे कुणी विचारलं नाही. त्या घरात थापा मारणारं माणूस एकच आहे, असा सगळ्यांचा समज होता.

तेव्हापासून रोज साडेसहाला दोघं निघत. निघण्याआधी मूठभर फुटाणे, डॉक्टरचा हुकूम. स्नेहा बसमधून उतरून आलेली, डोळे सुजलेले, खांदे पडलेले. पहिले आठ दिवस ती चालायची म्हणजे पाऊल उचलून पुढं ठेवायची, एवढंच. सासरा दोन हात पुढं, सून मागं, मध्ये बोलणं नाही. ते फार जड जायला लागलं, तेव्हा आबांनी गोष्टी सुरू केल्या. कॅन्टीनमधला आचारी, ज्याला वासावरून शिफ्ट कळायची. पेठचा मंगळू, ज्यानं डोंगरावरून भाताची पेंढी फेकली ती थेट खळ्यात पडली आणि पडताना मळूनही झाली. टाकीपर्यंत एक गोष्ट पुरायची, येताना तिचा उरलेला भाग.

गोष्टीत महत्त्वाची जागा आली, की आबा थांबायचे. कुंपणाला हात टेकून, पुढं काय झालं असेल, असं विचारून चांगलं मिनिटभर थांबायचे. स्नेहाला वाटे, सांगायची रीतच आहे त्यांची. लेथवर एकतीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचा उजवा गुडघा पन्नास पावलांवर पेटतो आणि गोष्टीला तिथं थांबावंच लागतं, हे आबांनी तिला कशाला सांगावं. पावसाळा पुढं सरकत गेला तशा त्यांच्या गोष्टींत महत्त्वाच्या जागा वाढत गेल्या.

घरी आल्यावर दोन ताटं शेजारी. नागलीची दीड भाकरी, कधी मुगाची भाजी, कधी गिलक्याची, वरण, काकडीच्या फोडी. आबांना नागली मुळीच आवडत नसे. लहानपणी त्यांनी तिच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. बिनसाखरेचा चहा तर ते औषधासारखा डोळे मिटून ढोसत. धोंडाबाई पातेल्यात साखर टाकताना त्यांच्याकडे एकदा बघत, त्यांचा कप आधीच बाजूला काढत आणि काही बोलत नसत. तेवढा सूड त्यांनी घेतला.

स्नेहा पहिल्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन उठायला लागली, तेव्हा आबांनीही अर्धी ताटात ठेवली आणि हात वर केला. “तेवढंच म्हणजे तेवढंच,” ते म्हणाले. “डॉक्टरचा नियम मी मोडू शकत नाही.” ती परत बसली. भाकरी चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोघांनीही ते मिरचीचं आहे असं ठरवलं.

महिन्याभरानं डबा तेलाची रेघ घेऊन घरी आला. आबांनी तो जरा जास्तच वेळ घासला.

आश्विन पौर्णिमेला चार दिवस होते. त्या संध्याकाळी स्नेहा पुढं होती आणि आबा मागं. कधी हे उलटं झालं, ते त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिचे हात हलत होते, मान वर होती. आबांची गोष्ट नुकतीच सुरू झाली होती, पण गुडघ्यानं ऐकलं नाही. बंद दुकानाच्या पायरीवर ते टेकले.

“तू जाऊन ये टाकीपर्यंत,” ते म्हणाले. “मी जरा हवा खातो. इथली हवा चांगली आहे.”

समोर उघडं गटार होतं. स्नेहानं गटाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “येते मी,” म्हणाली आणि निघाली.

आबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती वळणावर दिसेनाशी झाली, तसं त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि इतके दिवस दाबून ठेवलेला लांब श्वास सोडला. चालणारं माणूस पुढं गेलं होतं. हेच तर हवं होतं. तरी ती पायरी त्यांना फार मोठी वाटली.

ती परत आली ती भराभर. येऊन समोर उभी राहिली. तिला धाप लागली नव्हती.

“टाकीपाशी मनीषा सिस्टर भेटल्या. मी म्हटलं, आबांची साखर आता कितीये. त्या म्हणाल्या, कुणाची? त्यांची तर चौऱ्याण्णव आहे, जुलैपासून.”

आबांनी घसा साफ केला. असे प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुष्कळ आले होते.

“त्याचं काय झालं,” ते म्हणाले. “त्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. माझ्या मागं सोमा पेंटर चिकटून उभा. त्याचा हात माझ्या बगलेतून पुढं आलेला. सिस्टरचं लक्ष खिडकीकडं. तिनं माझं बोट समजून सोमाचं बोट टोचलं. ते चौऱ्याण्णव सोमाचं. सोमा बिचारा दिवसभर विचारत फिरत होता, आपल्या बोटाला काय चावलं. नंतर मोठ्या डॉक्टरनं माझं वेगळं रक्त काढलं, तेव्हा खरा आकडा...”

स्नेहानं त्यांना मध्ये तोडलं नाही. पदरानं मान पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती पायरीवर त्यांच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली. बावीस वर्षांत ती त्यांच्या शेजारी अशी कधी बसली नव्हती.

“आबा, हे सगळं खोटं आहे,” ती म्हणाली. “टाकीपर्यंत मी उद्याही जाईन, परवाही जाईन, जेवेनही. त्याचा घोर सोडा. पण गुडघा कधीपासून दुखतोय, तेवढं खरं सांगा.”