पान एकशे बारावरचा आजा

राजेंद्र सरांनी आशाला घरात घेतलं नाही. अक्कलकुव्यातल्या घराच्या ओट्यावरच तिला उभं ठेवलं आणि दारात आडवे राहून विचारलं, "कॅसेट कशाला पाहिजे तुला?"

"हैदराबादच्या मॅडमनी मागितलीय, सर. प्रबंधाला जोडायला."

"तो अमेरिकेचा प्रबंध?"

कॉलेजात तीन वर्षं आशा सरांकडे इतिहास शिकली होती. पुढे एम.ए.लाही ती इतिहासच घेईल, हे सरांनी धरूनच ठेवलं होतं. ती मात्र हैदराबादला गेली. तिथे अमेरिकन स्टडीज नावाची पदवी होती. एका देशाचा इतिहास, साहित्य, राजकारण, गाणी, सगळं एकत्र शिकायचं. तेव्हा सर भर वर्गात म्हणाले होते, "सातपुड्याची पोर निघाली अमेरिकेचे नवस फेडायला." त्यानंतर दोन वर्षांत त्यांचं बोलणं नव्हतं.

प्रबंध दोन नद्यांवर होता. अमेरिकेतल्या मिसुरी नदीच्या धरणात तिथल्या आदिवासींची गावं बुडाली, आणि इकडे नर्मदेच्या धरणात आशाच्या घरच्यांची मणिबेली. मणिबेलीचं सगळं प्रकरण उभं होतं सरांच्या पुस्तकातल्या एकशे बाराव्या पानावर. त्या पानावर, सरांनी कॅसेटवर घेतलेल्या मुलाखतीत, आशाचा आजा, चैत्या, बोलत होता. 'नदी आमची आई. लेकरू आईच्या पोटात परत जातं, त्याला बुडणं म्हणत नाहीत.' आशा जन्मायच्या आधीच आजा गेला. तिला तो त्या पानापुरताच माहीत होता.

"कॅसेटला बुरशी लागली. फेकून दिली," सर म्हणाले.

"वर्गात तर सांगायचात, कपाटात जपून ठेवलीय."

सरांचा चेहरा बदलला. रागात ते नेहमी अहिराणीवर यायचे. "दोन वरीस अमेरिका शिकनी आनि माले पुरावा मांगी ऱ्हायनी? चाल, नीघ."

दार लागलं.

आशा धरणग्रस्तांच्या वसाहतीत परतली तेव्हा तिची आजी, तुळशीबाई, अंगणात तूर पाखडत होती. आशा तिच्याजवळ बसली आणि एकशे बारावं पान भिलीत करून तिने आजीला वाचून दाखवलं. हे घरात याआधी कोणी केलं नव्हतं.

तुळशीबाईने सूप खाली ठेवलं. "हे कोण बोललं?"

"आजा."

"नाही. चैत्या असं बोलायचा नाही. हा तुझा मास्तर धरणासाठी घरं मोजणाऱ्यांच्या नावेतून आला होता. चैत्याने त्याला हाकलला."

"मग इतकी वर्षं तू सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी वाचून दाखवलं होतं?"

हैदराबादला पहिल्याच वर्षी आशाने अशाच प्रकारावर निबंध लिहिला होता. अमेरिकेतल्या आदिवासी सरदारांच्या नावावर छापलेली काही सुंदर भाषणं त्यांनी तशी केलीच नव्हती. दुभाष्यांनी आणि पत्रकारांनी ती नंतर सजवली. प्रश्न कोणी विचारले, कोणत्या भाषेत, उत्तर लिहून कोणी घेतलं, हे आधी तपासा, असं त्या निबंधात तिनेच ठासून सांगितलं होतं. वर्गात तिला सर्वांत जास्त गुण पडले होते. घरच्या पानावर मात्र तिला शंका आली नाही. वाक्य छान होतं, आणि आजा तिचा होता.

वडील बाज्या दारातून ऐकत होते. "सरांनी तुझा फॉर्म भरला, हॉस्टेल मिळवून दिलं," ते म्हणाले. "आता त्यांनाच खोटं पाडणार तू? परत त्या ओट्यावर गेलीस तर या घरात येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आशा गेली. सोबत तुळशीबाईही आली आणि सरळ सरांच्या ओट्यावर बसली.

"माझ्या माणसाचा आवाज दे," ती म्हणाली. ती सगळ्यांनाच अरेतुरे करायची.

"आजी, तुम्हाला यातलं कळत नाही. घरी जा."

"दे."

सर आत गेले. सरांच्या बायकोने, बेबीबाईंनी, पाणी आणलं. तुळशीबाईने तांब्याला हात लावला नाही. शेजारच्या बायका दारात येऊन बघू लागल्या. दुपार झाली तरी म्हातारी हलेना. शेवटी सर बाहेर आले आणि त्यांनी कॅसेट ओट्यावर टाकली. ती घसरत आशाच्या पायाशी आली.

"घे, ऐक, आणि सांग जगाला. पण हेही ऐकून जा. त्या वर्षी नदीकाठची दहा माणसं माझ्याशी हेच बोलली होती. मी ते एकाच्या तोंडी घातलं, एवढंच. आणि पुनर्वसनाच्या सुनावणीत तुमच्याच लोकांनी ते पान साहेबांसमोर ठेवलं. वसाहतीत नळ आला तो तुझ्या आज्याच्या गप्प बसण्याने नाही आला."

"मग त्या दहा जणांची नावं का नाही लिहिलीत?"

सर वळून आत गेले.

बाजारात शांतीलालच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक जुना टेपरेकॉर्डर अजून धड होता. शांतीलालने पट्टी पुसून कॅसेट लावली. आधी पाण्याचा आवाज, मग कोंबड्या. मग तरुण राजेंद्र सर मराठीतून प्रश्न विचारत होते. नदीबद्दल काय वाटतं? देवाबद्दल काय वाटतं? खाट करकरली. मग एक घोगरा आवाज भिलीत म्हणाला, "माझ्या खाटेवरून ऊठ. घर मोजणारे आणि तू एकाच नावेतून आलात. त्यांना मी काही सांगितलं नाही. तुलाही सांगणार नाही."

पुढे नुसती खरखर.

"काय म्हणाले?" शांतीलालने विचारलं.

"त्याचाच आवाज," तुळशीबाई म्हणाली. "बंद कर."

आशाने मॅडमना सगळं कळवलं आणि प्रकरण नव्याने लिहिलं. त्यात सरांचं नाव घातलं आणि स्वतःचंही, डोळे झाकून विश्वास ठेवणारी म्हणून. सरांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं, की कॅसेट बनावट आहे आणि मुलगी कृतघ्न. चौकशी लागली. पदवी सहा महिने अडकली आणि मिळाली तेव्हा पहिला वर्ग गेला होता. वडिलांनी तिला घरात घेतलं, पण तिच्या ताटाशेजारी ते जेवायला बसत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कलकुव्याच्या स्टँडवर सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"झालं समाधान?"

"नाही, सर."

"कॉलेजने पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. आता मणिबेलीबद्दल पोरं एक ओळही वाचणार नाहीत. हे तू केलंस."

ते खरं होतं, हे आशाला कळत होतं. पण माफी मागावी असंही तिला वाटलं नाही. नंदुरबारची गाडी लागली आणि ती चढली. गाडी सुटेपर्यंत सर खाली उभे राहून तिच्या खिडकीकडे रोखून बघत होते. तिनेही नजर काढली नाही.