बाईंच्या फाईलमधली ओळ

"साहेब, माझ्या नव्या कॉम्प्युटरवर आकडा वेगळा येतोय," टेक्निशियन ताई म्हणाली. "तुमचं मशीन म्हातारं झालं, की तुम्ही?"

"नवं आहे, रुळू दे," कॅन्सरच्या किरणोपचारांचं गणित बघणारा तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही आकडे शेजारी मांडले. पेशंट एकच, गाठ एकच. किरणांची मात्रा तिच्याकडे दोनशे, त्याच्याकडे एकशे शहाऐंशी.

लहान गाठींना मात्रा सात टक्के कमी काढणारा प्रोग्राम त्यानंच सात महिन्यांपूर्वी दुरुस्त केला होता. मग हा जुना आकडा आला कुठून?

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडली की संगणक आधी एक फाईल वाचतो. कुठला प्रोग्राम कोणत्या फोल्डरात आधी शोधायचा, ते तीत लिहिलेलं असतं. ही फाईल त्यानं निवृत्त बाईंकडून जशीच्या तशी उतरवली होती. ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्यांच्या ओळी काय तपासायच्या? पुढे तीच ताईच्या जुन्या मशीनवर घातली. नव्यावर घालायची राहून गेली होती.

शेवटून तिसरी ओळ सांगत होती : आधी बाईंच्या खासगी फोल्डरात शोध. दुरुस्ती झाली होती सामाईक फोल्डरात; इथं जुना प्रोग्राम ठाण मांडून बसला होता. सात महिने तो आणि ताई एकमेकांचे आकडे पडताळत होती, आणि ते चोख जुळत होते.

ओळ पुसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यानं कमी मात्रा मिळालेल्या पेशंटची यादी काढली. एकतीस जण.

"चूक कुणाची?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"ओळ बाईंची. न वाचता घेतली मी."

"उद्यापासून तुम्ही मशीनला हात लावायचा नाही. हे पंचवीस जण बोलावून घ्या."

"आणि हे सहा?"

"ते गेले. त्यांच्या घरच्यांना वरून पत्र जाईल."

"पत्र नको. मी बोलतो."

ताईनं फोन त्याच्याकडे सरकवला. "शिव्या खाल."

"खातो."

सहातल्या पहिल्या पेशंटचं घर; पलीकडे त्याच्या बायकोचा आवाज होता. त्यानं ओळख सांगताच ती म्हणाली, "अहो, तुमच्या विभागानं यांच्यासाठी जिवाचं रान केलं. पेढा द्यायचा दिवस तेवढा आला नाही बघा."

"वहिनी," तो म्हणाला, "आधी बसून घ्या. मला काही सांगायचंय."