अकरा बांगड्या उतरेपर्यंत

डोंगरसिंग सकाळपासून सगळे मिळून सहा शब्द बोलला होता, आणि त्यातले चार बैलांना. बंजारा तांड्यात त्याची ख्यातीच तशी. त्यामुळे पांढरकवड्याच्या दवाखान्यात पडद्याआडून त्याच्या बायकोनं, मानीबाईनं, "बोलत राहा जी!" असा हुकूम सोडला, तेव्हा नर्सलाही त्याची कीव आली.

कारण होतं चुडो. मानीबाईच्या डाव्या दंडावर कोपरापासून काखेपर्यंत हाडाच्या अकरा बांगड्या. लग्नात चढलेल्या, उतरायच्या त्या नवरा गेल्यावर. छातीतली गाठ चाचपून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काख. हे काढ." तशी मानीबाई अंगावरची कांचळी सावरत थेट दाराकडे निघाली.

"माहा मालक जिता हाय बाई! कायले काढू?"

"गाठ काखेत उतरली का, ते पाहिल्याशिवाय मी काय सांगू?"

मानीबाई दारातच थबकली. गाठ तिच्याच बोटांना सापडली होती. कापसातली सरकी न बघता काढणारी बोटं ती. न्हाताना हाताला लागली, तेव्हापासून दर महिन्याला तिनं तीच जागा चाचपली. सरकी बोटाखालून निसटते. ही जागची हलत नव्हती. तिसऱ्या महिन्यात चिंचोक्याएवढी झाली, तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं. "गाडी जुंपतो," एवढंच तो म्हणाला.

ती परत फिरली, पण अट घालून. शेवटची बांगडी निघेपर्यंत नवऱ्याचा जिता आवाज कानावर पडला पाहिजे.

नर्सनं दंडाला तेल चोळलं.

"तांबडा बैल लंगडून राह्यला," पडद्यापलीकडून सुरू झालं. पहिली बांगडी निघाली. "ज्वारी बरी हाय." दुसरी. "पाणी पडन." चौथीपाशी त्याच्याजवळचं सगळं संपलं. मग त्यानं तेच उलटीकडून सांगायला घेतलं. नर्सनं हसू दाबलं.

सातवी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाया गाठ फुटल्यावर येतात इथं. तू बरी आलीस आधी."

"माह्या नणंदेनं लपवली होती. मैनाबाईनं. फडकं बांधून वर्षभर हिंडली. माह्या मांडीवर गेली."

पलीकडचा आवाज बंद झाला.

"थांबा!" मानीबाईनं उरलेल्या बांगड्या मुठीत आवळल्या. "हात नोका लावू!"

नर्सनं डोकावून पाहिलं. "आहेत हो. तोंडाला पटक्याचं टोक लावून उभे आहेत."

"बोला जी!" मानीबाईचा आवाज फाटला. "चार राह्यल्या."



"मैनीनं सांगतलं असतं," डोंगरसिंग एकदम म्हणाला, "तं तिलेबी आणलं असतं. बैल नसते तं पाठीवर आणलं असतं. लहानपणी पाठीवरच राहे ते. खाली उतरतच नोती. केस ओढे माहे..."

तो बोलतच राहिला. चार बांगड्या कधी निघाल्या, कुणी मोजल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंची बोटं काखेत खोल गेली. दाबलं, सरकवलं, पुन्हा दाबलं. मानीबाईनं डोळे मिटले.

"इथं काही लागत नाही. गाठ लहान आहे. पण याच आठवड्यात नागपूरला ऑपरेशन. पुढचं ते गाठ तपासून सांगतील."

"अन् चुडो?"

"जखम भरेपर्यंत या हातात नाही."

मानीबाईनं अकरा बांगड्या ओढणीच्या पदरात बांधल्या आणि पडदा सारला. डोंगरसिंगचे डोळे लाल झाले होते.

"नागपूरपर्यंत बोलत या लागन तुमाले," ती म्हणाली.

त्यानं पटका सारखा केला, बराच विचार केला.

"बैलाचं पुन्हा सांगतलं तं चालन का?"