काचेच्या ग्लासात

एर्मेलिनबाईंच्या अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्त्या लागल्या, तसं चर्चमधलं गाणं-वाजवणं सांभाळणाऱ्या प्लासिद मेस्तने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि डोळे मिटले. एके काळी त्याच्या व्हायोलिनशिवाय गावात कुणाकडेही लदिनीची प्रार्थना होत नसे. पण दोन वर्षांपूर्वी, प्रार्थना अर्ध्यावर असताना, तो झिंगून मेणबत्त्यांवरच कोसळला. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही; आज एर्मेलिनबाईंनी पहिल्यांदा बोलावलं होतं. आता चौदा महिने झाले होते, त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. तरी पोटात घोट नसताना हात चालेल का, आणि चालला तरी पुढे पेले फिरतील तेव्हा आपण टिकू का, ही धास्ती होतीच.

शेवटच्या बाकावर कायतान पोदेर बसला होता. पाव भाजणारा माणूस, तोही एके काळचा पिणारा, गाण्याचं अंग अजिबात नाही. दर बुधवारी शाळेच्या खोलीत दारू सोडलेल्यांचा गट जमायचा, तिथे त्यानेच प्लासिदला हाताला धरून नेलं होतं. सुरुवातीला तर रोज सकाळी पाव देताना दारात थांबून "आजचा दिवस?" एवढंच विचारायचा, आणि "आजचा दिवस," असं उत्तर मिळाल्याशिवाय सायकलवर बसायचा नाही.

गज तारेवर टेकला. पहिला सूर कापरा निघाला. दुसरा सावरला. मग सगळं अंगण 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर, असं म्हणू लागलं आणि प्लासिद त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत घेऊन गेला.

लदीन झाली की उकडलेले चणे आणि फेणी. पहिला पेला मेस्तचा, असा रिवाज. एर्मेलिनबाई स्वतः स्टीलचा पेला घेऊन आल्या आणि त्याच्या कानाशी वाकल्या. "लिंबाचं सरबत आहे रे. स्टीलमधून काही दिसत नाही. घे, कुणाला कळायचं नाही."

बाईंच्या मनात माया होती. प्लासिदने पेला हातात घेतलाही. मग त्याला चर्चमधल्या गाणाऱ्यांच्या माडीवरचा आपला कप आठवला. वर्षानुवर्षं चहाच्या कपात फेणी लपवली. आता फेणीच्या पेल्यात सरबत लपवायचं?

"बाई, मला काचेच्या ग्लासात द्या," तो मोठ्याने म्हणाला. "सरबतच द्या, पण दिसू दे सगळ्यांना. मी दारुडा माणूस. चौदा महिने झाले सोडून. मला एक घोटसुद्धा चालत नाही."

कायतान बाकावरून अर्धा उठला.

"मेस्त," काजूच्या फेणीची भट्टी लावणारा आंतोन ओरडला, "तूच असं करायला लागलास तर माझी भट्टी बसली की रे!"

"का बसेल? तुझं मोठं गिऱ्हाईक तूच आहेस!"

हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला आंतोनच. एर्मेलिनबाई कपाटातला पाहुण्यांचा काचेचा ग्लास पुसत पुसत घेऊन आल्या. "पुढच्या रविवारी माझ्या बहिणीकडे लदीन आहे. तिला सांगते, मेस्त येतोय म्हणून."

घरी परतताना कायतान म्हणाला, "मधे एकदा सूर चढला होता तुझा."

"तुला रे काय कळतं गाण्यातलं?"

"नऊ वर्षं शुद्धीत ऐकतोय, बाबा."

प्लासिद थांबला. "चढला होता. तिसऱ्या ओळीला. माहीत आहे मला."

बोलता बोलता त्याची मान ताठ झाली. आजवर लदिनीत आपण काय वाजवलं हे दुसऱ्या दिवशी बायकोला विचारावं लागायचं, आणि ती तोंड फिरवायची. आजचा सूर न् सूर, चुकलेलासुद्धा, त्याला लख्ख आठवत होता.